कोण कोणाला म्हणालं? चॅटच्या पडद्यावरील मांडणीच्या अभ्यासाची प्रस्तावना

आमच्या नात्यातल्या ग्रुपवर एका दुपारी दोन बातम्या पाठोपाठ आल्या. आधी भाचीचा बारावीचा निकाल आला, गुण उत्तम होते. मिनिटभरातच गावाकडचे एक वडीलधारे काका गेल्याचं कोणीतरी कळवलं. माझा मामेभाऊ तेव्हा बसमध्ये होता. त्याने निकाल वाचला, 'अभिनंदन! फार आनंद झाला' असं लिहिलं आणि पाठवलं. त्याचं लिहून होईपर्यंत काकांची बातमी मध्ये येऊन बसली होती. निधनाच्या बातमीला चिकटून, तिच्याच खाली, अभिनंदन उमटलं. त्याने घाईने मेसेज काढून टाकला, तर तिथे मेसेज डिलीट केल्याची करडी ओळ राहिली आणि ज्यांनी तो पाहिला नव्हता ते काय लिहिलं होतं म्हणून विचारू लागले. काकांच्या घरच्यांना मी पुढे भेटले तेव्हा त्यांनी हा विषय काढला नाही. मीही काढला नाही, पण तो दोघांच्याही मनात होता.

मामेभावाचं काही चुकलं नव्हतं. सगळे एका खोलीत असते तर हे घडलंच नसतं. तो भाचीकडे वळून बोलला असता, आणि दुसऱ्या कोपऱ्यातली बातमी कानावर पडताच त्याचा आवाज आपोआप खाली आला असता. चॅटच्या पडद्यावर वळायला मान नाही, खाली यायला आवाज नाही. तिथे अर्थ सांगायला थोड्याच गोष्टी हाताशी असतात: मेसेज कोणाच्या खाली उमटला, डावीकडे की उजवीकडे, कोणत्या रंगात, किती अंतरावर, त्याला आणखी कशाशी जोडलेलं आहे का. या सगळ्याला मिळून आपण मांडणी म्हणू. मांडणी बदलली की तेच शब्द वेगळं बोलू लागतात. या विषयाकडे मी ओढली गेले ती त्या दुपारनंतर, आणि तुम्हीही यावं म्हणून ही पानं लिहिते आहे.

मांडणीने बोलणं आपल्याला नवं नाही. शाळेत पत्रलेखन शिकवताना बाईंनी उजव्या कोपऱ्यातला पत्ता आणि तारीख, डावीकडचा मायना, शेवटी 'आपला आज्ञाधारक' हे सगळं जागच्या जागी लिहायला लावलं होतं. अनेक घरांत निधनाच्या पत्रावर माथ्याला 'श्री' लिहीत नसत. पोस्टकार्ड हाती येताच, मजकुराची पहिली ओळ वाचण्याआधी, रिकाम्या माथ्यावरून घरातल्या मोठ्यांना कळायचं आणि लहानांना बाहेर पाठवलं जायचं. कागदावरच्या एका मोकळ्या जागेने केवढं काम केलं पाहा. चॅटमध्ये निकाल आणि निधन एकाच रंगाच्या, एकाच आकाराच्या चौकटींत येतात.

ही चौकट आली कुठून, हे थोडक्यात सांगते. १९७३ साली इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' या संगणकप्रणालीवर डग ब्राऊन आणि डेव्हिड वूली यांनी 'टॉकोमॅटिक' केलं. त्यात एका वेळी पाच जण बोलू शकत आणि पडद्याचे आडवे पट्टे पाडून प्रत्येकाला स्वतःचा पट्टा दिलेला असे. लिहिणाऱ्याचं अक्षर न् अक्षर उमटताना समोरच्याला दिसे. पुढे युनिक्सवरच्या 'टॉक'मध्येही पडदा दुभंगलेला होता, वरच्या भागात मी आणि खालच्या भागात तुम्ही. तिथे बोलण्याला माणसाची जागा होती, काळाचा क्रम मात्र दिसत नव्हता. १९८८च्या ऑगस्टमध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी 'आयआरसी' सुरू केलं, आणि तिथे उलट झालं. सगळ्यांच्या ओळी एकाखाली एक, आधी नाव आणि मग वाक्य. नाटकाची संहिता वाचल्यासारखं. १९९६मध्ये मायक्रोसॉफ्टच्या 'कॉमिक चॅट'ने त्याच संभाषणाची चित्रकथा करून दाखवली, पात्रांच्या तोंडून निघणाऱ्या फुग्यांसह. ते फार काळ टिकलं नाही, पण फुगा टिकला. २००२ साली ॲपलच्या 'आयचॅट'मध्ये तो आला आणि २००७च्या आयफोनवर एसएमएसही फुग्यांत दिसू लागले. पुढच्या बहुतेक सगळ्या ॲप्सनी तोच कित्ता गिरवला.

म्हणजे आपण आज वापरतो ती मांडणी दोन जुन्या घराण्यांतून आली आहे: नाटकाची संहिता आणि चित्रकथेतला फुगा. माझ्या मते या विषयातले बहुतेक प्रश्न इथे सुरू होतात. संहिता लिहिताना नाटककाराला कोण कोणानंतर बोलणार हे आधीच ठाऊक असतं, आणि चित्रकथेत एका चौकटीत फार तर तीन-चार फुगे असतात. शंभर माणसं आपापल्या घरून, आपापल्या वेळेला, एकाच कागदावर लिहीत आहेत अशा प्रसंगासाठी या दोन्ही मांडण्या घडलेल्याच नव्हत्या.

आता संभाषणाच्या अभ्यासकांकडे वळू, कारण त्यांच्याशिवाय इथे पाऊल टाकता येत नाही. इमॅन्युएल शेग्लॉफ आणि हार्वी सॅक्स यांनी १९७३ साली दाखवलं की बोलणं जोड्यांनी चालतं. प्रश्नाला उत्तर, हाकेला ओ, आमंत्रणाला होकार किंवा सबब. मी याला शेजारजोडी म्हणते. जोडीचा पहिला अर्धा उच्चारला की दुसऱ्याची वाट पाहिली जाते, आणि पुढे जे काही येईल ते आधी उत्तर म्हणूनच ऐकलं जातं. पुढच्याच वर्षी या दोघांनी गेल जेफरसन यांच्यासह बोलण्याच्या पाळीविषयी लिहिलं: एकाचं संपता संपता दुसरा कसा सुरू करतो, मध्येच कोण कसा शिरतो. प्रत्यक्ष बोलण्यात ही पाळी क्षणाक्षणाला ठरते. चॅटमध्ये ती सर्व्हर ठरवतो. मेसेज ज्या क्रमाने पोचतात त्या क्रमाने लागतात, ज्या क्रमाने मनात आले त्या क्रमाने नाही. नेटवर्क नसताना लिहिलेला मेसेज तर पाठवणाऱ्याच्या फोनवर एका जागी आणि इतरांच्या फोनवर दुसऱ्याच जागी दिसू शकतो. दोन माणसं एकच संभाषण वेगवेगळ्या क्रमाने वाचत असतात आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसतो.

पडद्यावरच्या बोलण्यात शेजारजोडी अशी मोडते, आणि सुझन हेरिंग यांनी १९९९मध्ये नेमकं हेच मांडलं. त्यांचं म्हणणं दुहेरी होतं आणि मला त्यातला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. असं बोलणं सतत विस्कळीत होतं, विषय भरकटतात, हे खरंच. पण लोक तरीही ते आवडीने करतात आणि विस्कटलेलं सावरण्याचे उपाय स्वतःच शोधतात. नाव घेऊन बोलतात, मागचा मजकूर पुन्हा उद्धृत करतात. आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर 'जोशीकाकू, तुमच्या टँकरच्या प्रश्नाबद्दल' अशी सुरुवात कोणी करतं, तेव्हा तो माणूस मांडणीत राहिलेली फट भाषेने भरत असतो. मी विद्यार्थ्यांना सांगते की अशा फटी शोधा. लोक ज्या ठिकाणी जास्तीचे शब्द खर्च करतात, तिथे मांडणी कमी पडलेली असते.

मग जोड्या पडद्यावरच दाखवल्या तर? हा विचार त्याच सुमारास अनेकांनी केला. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या गटाने २००० साली शाखांची चॅट मांडून पाहिली. प्रत्येक उत्तर आपल्या प्रश्नाखाली थोडं आत सरकून बसायचं, झाडाच्या फांद्यांसारखं. कामाचा निकाल साध्या चॅटइतकाच चांगला लागला, पण बोलण्याची रीत बदलली. एमआयटीमध्ये फर्नांदा व्हिएगास आणि ज्युडिथ डोनाथ यांनी १९९९मध्ये 'चॅट सर्कल्स' केलं. तिथे प्रत्येक माणूस एक रंगीत वर्तुळ होता, आणि ज्याच्या जवळ जाल त्याचंच बोलणं तुम्हाला वाचता येई. समारंभात घोळक्याघोळक्यांनी उभं राहावं तसं. या प्रयोगांपैकी एकही घराघरात पोचला नाही, आणि त्याचं कारण मला पटतं. शाखा केल्या की नवं काय आलं हे शोधायला पडदाभर हिंडावं लागतं. एकाखाली एक लावलं की नवं नेहमी तळाशी असतं, डोळ्याला कष्ट नाहीत. क्रम हवा की नातं, असा हा पेच आहे आणि तो अजून सुटलेला नाही.

व्हॉट्सॲपने २०१६ साली काढलेली तोड या पेचातली मधली वाट आहे. मेसेज उत्तर म्हणून पाठवला की त्याच्या माथ्यावर मूळ मेसेजचा तुकडा छोट्या चौकटीत दिसतो. क्रम काळाचाच राहतो, नातं चौकटीत येतं. कचेऱ्यांत वापरल्या जाणाऱ्या स्लॅकने २०१७च्या सुरुवातीला दुसरी वाट धरली: उत्तरांची वेगळी मालिका, बाजूला उघडणारी. कचेरीत ती उपयोगी पडते, कारण तिथे चर्चा पुन्हा शोधावी लागते. घरच्या ग्रुपवर मला ती नको वाटते. घरात कोणी बाजूच्या खोलीत जाऊन उत्तर देऊ लागलं तर बाकीचे अस्वस्थ होतात. पण हे माझं मत झालं. तुम्ही ते तपासून पाहावं.

फुग्याकडे परत येते, कारण त्याच्या पोटात सगळ्यात गंभीर प्रश्न आहे. चित्रकथेतल्या फुग्याला शेपूट असतं आणि ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडे वळलेलं असतं. हे शब्द याचे, असं ते शेपूट सांगतं. दोघांच्या चॅटमध्ये त्याचा मोठा फायदा होतो. माझं उजवीकडे, तुमचं डावीकडे, नाव लिहायचीही गरज नाही. अरबी किंवा हिब्रू पडद्यावर या बाजू उलटतात, तत्त्व तेच राहतं. ग्रुपमध्ये मात्र उजवीकडे मी एकटी आणि डावीकडे बाकी सगळं जग. तिथे रंगीत नावं आली. हजार माणसांच्या ग्रुपला पुरतील इतके वेगळे रंग डोळ्याला ओळखता येत नाहीत, पण ते असो. खरा प्रश्न दुसऱ्याचे शब्द पुढे पाठवण्याचा आहे. फॉरवर्ड केलेला मजकूर कित्येक वर्षं पाठवणाऱ्याच्याच फुग्यात, त्याच्याच नावाखाली, त्याने स्वतः लिहिलेल्या वाक्यासारखा दिसत होता. शेपूट बहिणीकडे वळलेलं आणि शब्द कोणा अनोळखी माणसाचे.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा गावात, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले होते. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा त्या दिवसांत फोनवरून पसरली होती, आणि देशात अन्यत्रही अशा हत्या झाल्या होत्या. त्यांना कारणं अनेक आहेत. भटक्या समाजांविषयीचा जुना संशय, पोलिसांवरचा अविश्वास. मांडणीवर सगळा भार टाकणं चुकीचं होईल. पण त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने जे बदल केले ते पाहा. पुढे पाठवलेल्या मेसेजच्या माथ्यावर 'फॉरवर्डेड' अशी छोटी करडी खूण आली. भारतात एका वेळी पाचच चॅटना पाठवण्याची मर्यादा आली, आणि फोटो-व्हिडिओंच्या शेजारचं झटकन पुढे पाठवायचं बटण काढून टाकण्यात आलं. पुढच्या वर्षी, वारंवार फिरलेल्या मेसेजना दुहेरी बाणाची खूण मिळाली. म्हणजे एक शब्द, एक मर्यादा, एक काढलेलं बटण. यातल्या दोन गोष्टी निव्वळ मांडणीच्या आहेत.

हे शब्द माझे नाहीत, असं सांगणारा एक शब्द मराठीत आधीपासून आहे. 'टोळी आली आहे' आणि 'टोळी आली आहे म्हणे' या दोन वाक्यांत केवढा फरक पडतो. 'म्हणे' लावणारा सांगतो की मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे, जबाबदारी माझी नाही. ती करडी खूण म्हणजे पडद्यावरचं 'म्हणे'. फरक इतकाच की बोलणारा 'म्हणे' स्वतः लावतो, आणि ही खूण यंत्र लावतं. वाचणाऱ्याला ती 'म्हणे'सारखी ऐकू येते का? की 'अनेकांनी पाठवलंय, म्हणजे खरंच असणार' असा तिचा उलटा अर्थ लागतो? ती मजकुराच्या माथ्यावर असणं चांगलं की शेवटी? मराठीत 'म्हणे' बहुतेकदा शेवटी येतं, आणि त्याआधीचं सगळं वाक्य तोवर खरं म्हणून ऐकून झालेलं असतं. या एका खुणेवर मराठी वाचकांना घेऊन एखादा उत्तम प्रबंध होऊ शकतो.

आता मेसेजच्या कोपऱ्यात उमटणाऱ्या टिकांविषयी थोडं. हर्बर्ट क्लार्क आणि सुझन ब्रेनन यांनी १९९१मध्ये मांडलं की बोलणारी माणसं सतत एकमेकांची खात्री करत असतात: पोचलं ना, कळलं ना. प्रत्यक्ष बोलण्यात त्यासाठी 'हं' आणि मान हलवणं असतं. पडद्यावर टिका आहेत. जपानच्या 'लाइन'मध्ये फुग्याशेजारी वाचल्याचा शब्द उमटतो, तर कोरियाच्या 'काकाओटॉक'मध्ये किती जणांनी अजून वाचलेलं नाही तो आकडा दिसतो आणि एकेक वाचेल तसा कमी होत जातो. व्हॉट्सॲपवरच्या, आपल्या ओळखीच्या, मेसेज वाचल्याचं सांगणाऱ्या निळ्या टिका २०१४च्या नोव्हेंबरात आल्या. एक टिक आणि दोन टिका यांत आकाराचा फरक आहे. दोन करड्या आणि दोन निळ्या यांत मात्र फक्त रंगाचा. वय वाढलं की डोळ्याचं भिंग पिवळसर होत जातं, मोतीबिंदूत अधिकच, आणि निळा रंग ओळखणं अवघड होतं. नातवाने मेसेज वाचला की नाही हे ज्या आजीला सगळ्यात जास्त जाणून घ्यायचं आहे, तिलाच ती खूण सगळ्यात अंधुक दिसते. दृष्टिहीन वाचकाचा प्रश्न आणखी वेगळा आहे. पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला डावं-उजवं नसतं, एकापाठोपाठ एक इतकंच असतं. म्हणून फुग्याने आपला बोलणारा आणि आपली वेळ शब्दांत सांगावी लागते.

देवनागरीचा भाग माझ्या आवडीचा आहे, आणि तो बाहेरच्या पुस्तकांत मिळत नाही. एका एसएमएसमध्ये रोमन अक्षरं १६० मावत, देवनागरी ७०. मराठी माणसाची पहिली चॅट रोमन लिपीत झाली त्यामागे कीबोर्डाइतकाच हा हिशोबही होता. ती सवय अजून आहे, आणि त्यामुळे एकाच चॅटमध्ये एक फुगा देवनागरी, दुसरा रोमन, तिसरा मिसळीचा असतो. देवनागरीत शिरोरेषेच्या वर रफार, वेलांट्या, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय. रोमनला पुरणारं ओळींतलं अंतर तिला पुरत नाही, 'पूर्तीं' किंवा 'ट्र्यू' असं काही आलं की वरखालच्या ओळी एकमेकींना भिडतात. र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी 'मंगल' टंक घडवला तेव्हा पडद्यावरची देवनागरी वाचनीय कशी राहील हा विचार त्यामागे होता, आणि ते काम समजून घेतल्याशिवाय मराठी फुग्याविषयी बोलू नये असं मला वाटतं. त्यात आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. 'महानगरपालिकेसमोरच्यांनी' हा एकच शब्द अरुंद फुग्यात जवळजवळ ओळ व्यापतो, आणि तो ओळीत न मावल्यास खाली उतरून वर मोठी मोकळी जागा सोडतो. अशा ओळी वाचायला किती जास्त वेळ लागतो हे कोणीतरी नीट मोजायला हवं. तुमच्यापैकी कोणी केलंत तर मला आनंद होईल.

मोजायचं म्हणजे काय, इथे अडचण आहे. वापरसुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ ९२४१-११ मध्ये, तीन कसोट्या आहेत: काम झालं का, किती कष्टात झालं, आणि करणाऱ्याला समाधान वाटलं का. रेल्वेचं तिकीट काढण्याला त्या नेमक्या लागू पडतात. पण बहिणीशी रात्री अर्धा तास चॅट केलं, त्यात 'काम' कोणतं होतं? ते लवकर संपलं असतं तर बरं झालं असतं का? या विषयात आलेले संगणकाचे विद्यार्थी इथे गोंधळतात आणि भाषेचे विद्यार्थी सरसावतात. मला दोघंही हवे आहेत.

शिवाय इतरांची चॅट वाचायला मागायची नसते. व्हॉट्सॲपवरचे मेसेज २०१६पासून दोन टोकांच्या मध्ये कोणालाच वाचता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. एखादी व्यक्ती आपला फोन दाखवायला तयार झाली तरी त्या ग्रुपमधल्या बाकीच्यांनी होकार दिलेला नसतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना फोन मागायला लावत नाही. समोरच्याने आपल्या हातात फोन धरावा, आपल्याला दिसू नये, आणि तो काय शोधतो आहे, कुठे अडला, कोणाचं उत्तर कोणाला समजला, हे त्याने मोठ्याने बोलावं. आपण फक्त बोटाकडे आणि कपाळाकडे पाहायचं. अंगठा वर जाऊन पुन्हा खाली आला की लिहून ठेवायचं.

पुढच्या पानांकडे वळण्याआधी एक करा. स्वतःच्या फोनवरचा कोणताही गजबजलेला ग्रुप उघडा आणि एका पडद्यावरचे सगळे फुगे पेन्सिलीने कागदावर काढा. शब्द लिहू नका, नुसत्या चौकटी आणि क्रमांक. मग कोणतं कोणाला उत्तर आहे ते बाणांनी जोडा. काही बाण शेजारी जातील, काही तीन-चार चौकटी ओलांडून, आणि एखाददुसरी चौकट अशी उरेल की तिचा बाण कुठे न्यावा हे तुम्हालाच ठरवता येणार नाही. ती चौकट गोल करून ठेवा. पहिलं प्रकरण तिच्यापासून सुरू होतं.